भिंतीवरची पोरं : भासांची चित्रं काढताना ठेवलेल्या नोंदी

शहापूर, बेळगाव. जून ते डिसेंबर २०२४

२ जून, रविवार

नसलेलं दिसणाऱ्या, ऐकू येणाऱ्या माणसांकडून त्याची चित्रं काढून घ्यायचं असंच काम आपापल्या गावात कुणाला करायचं असेल, तर त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून या नोंदी ठेवतेय; पुढे काय झालं ते काही नोंदींत मागाहून जोडलंय. मी चित्रकलेची शिक्षिका. एकतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. सोबत एक सिस्टर आहेत, मानसोपचार विभागात बरीच वर्षं काढलेल्या. आणि मराठी-कानडी दोन्ही घरच्यासारखं बोलणारा एक विद्यार्थी. महिन्यातून एकदा एक मानसोपचारतज्ज्ञ येऊन बसणार आहेत, पैसे न घेता. शहापुरातल्या एका जुन्या घराची माडी रविवारपुरती मिळाली. महिना ६०० रुपये भाडं.

सुरुवात माझ्या आत्यामुळे झाली. तिचं वय ८१. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात काचबिंदू. वर्षभरापासून तिन्हीसांजेला तिला समोरच्या भिंतीवर वीतभर उंचीची पोरं दिसतात. पाच-सहा असतात, आवाज करत नाहीत, कोनाड्यापाशी येऊन उभी राहतात. घरात दोन तट पडले होते. एका बाजूचं म्हणणं वय झालं, दुसऱ्या बाजूचं म्हणणं बाहेरचं काहीतरी आहे. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की नजर अधू झाल्यावर, डोकं अगदी ठिकाणावर असलेल्या माणसालाही असं दिसू शकतं. जिनिव्हाच्या शार्ल बोने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या बाबतीत हेच लिहून ठेवलंय आणि या प्रकाराला त्यांचंच नाव आहे.

आत्याला हे सांगितलं तर तिनं विचारलं, "त्या आजोबांस्नी काय दिसायचं गं?" म्हटलं, माणसं, पाखरं, घोडागाड्या, इमारती. मग ती तासभर बोलत राहिली. वर्षभर सगळ्यांनी तिला हे का दिसतं एवढंच विचारलं होतं. काय दिसतं हे कुणीच विचारलं नव्हतं, मीही नाही.

तर आज पहिली बैठक. सातजण आले. सगळ्यांसमोर कार्ट्रिज पेपर आणि तेलखडू ठेवले आणि सांगितलं, तुम्हाला जे दिसतं, ऐकू येतं ते काढा. दीड तासानं हाती आलं ते असं : चौघांनी डोंगर, सूर्य आणि झोपडी काढली. एकानं गणपती काढला. एका बाईंनी कागदाला हातच लावला नाही. एक मुलगा खाली गेला तो परत आलाच नाही.

चूक माझी. समोर शाळेतली बाई उभी, पुढ्यात कोरा कागद, मग माणूस शाळेतलंच चित्र काढणार. शिवाय जे सांगायची वर्षानुवर्षं चोरी झालीय ते पहिल्याच दिवशी कागदावर आणा म्हणणं चुकीचं होतं.

९ जून

तो मुलगा आला नाही. त्याच्या आईला फोन केला, ती म्हणाली "बघतो." बाकीचे सहा आले. आज कागद काढलेच नाहीत. चहा घेतला, खारी खाल्ली, आणि आत्याच्या पोरांची गोष्ट मी आत्याच्या परवानगीनं सांगितली. येळ्ळूरकडच्या एका बाईंनी विचारलं, "ती पोरं अंगावर येतात काय?" मी म्हटलं, नाही, नुसती उभी असतात. त्या म्हणाल्या, "आमचं येतं." इतकंच. पण बैठकीतलं पहिलं खरं वाक्य हे.

१६ जून

आजचा सगळा वेळ शब्दांत गेला, आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही.

आमच्या भागात माणूस मराठी बोलतो, दवाखान्यातला तपासणीचा कागद कानडीत असतो आणि डॉक्टर तिसऱ्याच गावचे असतात. मराठीत डॉक्टर लोक भास आणि भ्रम वेगळे धरतात. नसलेलं दिसलं, ऐकू आलं तर तो भास. शेजारी आपल्यावर करणी करतोय अशी न हलणारी खात्री झाली तर तो भ्रम. कानडीत बोलताना लोक दोन्हीला सर्रास 'भ्रमे' म्हणतात. विद्यार्थ्यानं कागदावरचा प्रश्न मराठीत करून विचारला : "तुम्हाला आवाज ऐकू येतात का?" वडगावचे विणकर मामा म्हणाले, "येतात की. कान चांगले हायत माझे." प्रश्न जसा विचारला तसं त्यांनी अगदी बरोबर उत्तर दिलं होतं. मग विचारलं, "भास होतात का?" तर "छे." ज्याला ऐकू येतं त्याच्या लेखी तो भास नसतोच, ते ऐकू येणंच असतं. मामांच्या जुन्या कागदावर याच प्रश्नापुढे दोनदा 'नाही' लिहिलेलं सिस्टरांनी दाखवलं.

सिस्टरांनी प्रश्न बदलला. "त्या वेळी खोलीत तुमच्याशिवाय आणखी कोण असतं?" मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमचे वडील. आणि एक बाई."

वडील जाऊन अकरा वर्षं झालीत. इथून पुढे हाच प्रश्न.

२३ जून

कोऱ्या कागदावर तोडगा काढला. ज्या खोलीत हे होतं त्या खोलीचा फोटो विद्यार्थ्यानं घरी जाऊन काढला, ए-थ्री मोठ्या कागदावर छापून आणला. त्यावर पारदर्शक प्लास्टिकचं शीट ठेवायचं आणि शीटवर पेननं काढायचं. चांगलं चित्र काढायचं ओझं राहत नाही, कारण खोली आधीच तिथे असते. फक्त कोण कुठे असतं तेवढं दाखवायचं.

पहिलं शीट आत्याचं. तिला पेनचं टोक दिसत नाही, म्हणून ती बोट ठेवत गेली आणि मी काढत गेले. "कोनाड्याच्या खाली. आणखी खाली. हां. ह्याच्याहून लहान. हिचा फ्रॉक." मी विचारलं, तांबडा? म्हणाली, हां, तांबडाच. पाऊण तासात पाच पोरं झाली. घरातले सगळे भोवती जमले होते आणि पहिल्यांदाच कुणी तिला "तिथं काही नाही" म्हणालं नाही. भाऊ वाकून बघत म्हणाला, "ही एवढीशीच होय? मला वाटलं मोठी माणसं दिसतात तुला." वर्षभर हे दोघं एका घरात राहत होते.

एक चूक. मी न पुसणारं मार्कर पेन नेलं होतं. येळ्ळूरच्या बाईंना जे दिसतं ते जागा बदलतं, दारापासून पलंगापर्यंत येतं. पुसता येईना, चार शीटं गेली. पांढऱ्या फळ्यावर लिहायचं, ओल्या फडक्यानं पुसलं जाणारं पेन घ्या. प्रत्येक जागा बदलल्यावर मोबाइलवर फोटो काढा. बाईंच्या सहा फोटोंत ती आकृती दारातून पलंगाच्या पायथ्यापर्यंत येते आणि तिथे थांबते, पुढे येत नाही. हे बाईंनाही आधी ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "म्हणजे शिवत न्हाय की मला."

७ जुलै

परवा मण्णेत्तिन अमावास्या, मातीचे बैल पुजायचा सण, झाली. बाजारात मातीच्या बैलांच्या राशी लागल्या होत्या. खानापूरकडच्या कुंभार घरातल्या एक काकू बैठकीला येतात. बैलांतून उरलेली माती त्या गोणपाटात बांधून घेऊन आल्या. मला हे सुचलंच नव्हतं. आपण चित्रकलेचे लोक कागदापलीकडे जात नाही.

काकूंना काही दिसत नाही, ऐकू येत नाही. नवरा गेल्याला दीड वर्ष झालं. संध्याकाळी चूल पेटवताना तो मागे येऊन बसतो, असं त्यांना पाठीत कळतं. मागे वळलं की नसतो. हे ना फोटोत दाखवता येत ना शीटवर. त्यांनी नवरा घडवला नाही. ओंजळभर माती थापून पाटासारखी केली आणि अंगठ्यानं मधोमध खळगा दाबला. "हितं बसतात," म्हणाल्या. खळग्याची खोली दोनदा कमीजास्त केली. नवऱ्याचं वजन त्यांना ठाऊक होतं.

घरचे लोक त्यांना देवऋष्याकडे न्यायच्या बेतात होते. सिस्टरांनी त्यांना सांगितलं की १९७१ मध्ये वेल्समधल्या एका डॉक्टरांनी २९३ विधवा-विधुरांना विचारलं होतं, आणि जवळपास निम्म्यांना गेलेला जोडीदार असा जवळ जाणवत, दिसत किंवा ऐकू येत होता. बहुतेकांनी कुणाला सांगितलं नव्हतं. काकूंचा थोरला मुलगा हे ऐकून म्हणाला, "मग आईला औषध नको काय?" सिस्टर म्हणाल्या, झोप आणि जेवण ठीक आहे तोवर नको. आणि ती सांगेल तेव्हा ऐकून घ्या.

मातीबद्दल : या दिवसांत ती वाळत नाही. आठ दिवसांत दोन वस्तूंना बुरशी आली. मी घाई करून एक जाड तुकडा तसाच भट्टीत द्यायला लावला, आत ओल होती, वाफ झाली आणि तो फुटला. तो येळ्ळूरच्या बाईंचा होता. पुन्हा करणार नाही म्हणाल्या, ते बरोबरच आहे. बोटभरापेक्षा जाड करू नका, जाड झालंच तर आतून पोकळ करा, आणि पावसाळ्यात केलेलं दसऱ्याआधी भाजू नका. काकू हे मला आधीच सांगत होत्या.

२१ जुलै

जोराचा पाऊस. खानापूरकडून कुणी येऊ शकलं नाही. तीनजण आले. कार्ट्रिज पेपर दमट होऊन फुगलाय, जलरंग तर दोन तासांतही सुकत नाहीत. जलरंग पावसाळाभर बंद. कागद गुंडाळून पिठाच्या रिकाम्या डब्यात ठेवला.

२८ जुलै

आजची नोंद लिहिणं जड जातंय, पण सगळ्यांत आधी वाचावी अशी हीच आहे.

सकाळी एक मुलगा आपल्या ७४ वर्षांच्या वडिलांना रिक्षातून घेऊन आला. बुधवारपासून आबांना पांघरुणावर मुंग्या दिसताहेत, ते सारखे त्या वेचतात. "तुमच्याकडं असं बघतात म्हणून आणलं." सिस्टरांची बस उशिरा होती. मी आबांच्या हातात कोळशाची कांडी दिली. ते पांघरूण आणि त्यावरच्या मुंग्या काढू लागले, आणि ते इतकं जिवंत उतरत होतं की मी हरखून गेले. मधेच त्यांचा डोळा लागायचा, पुन्हा जागे होऊन काढायचे. तास-सव्वातास मी त्यांना काढू दिलं.

सिस्टर आल्या, आबांच्या कपाळाला हात लावला, आज वार कोणता ते विचारलं, आणि मला बाजूला घेतलं. ताप होता. वार सांगता येत नव्हता, आपण कुठे आहोत हे कळत नव्हतं. त्याच रिक्षानं दवाखान्यात नेलं. लघवीत जंतुसंसर्ग आणि रक्तातलं सोडियम घसरलेलं. पाच दिवसांत मुंग्या गेल्या आणि आबा घरी आले. पण तो तास मी घालवला होता.

म्हणून आता दारावर मोठ्या अक्षरात कागद लावलाय, मराठीत आणि कानडीत. गेल्या काही दिवसांत अचानक सुरू झालेलं असेल, ताप असेल, माणूस मधेच गुंगत असेल, वार-ठिकाण कळत नसेल, किंवा रोजची दारू दोन-तीन दिवसांपूर्वी एकदम सोडली असेल, तर इथे थांबू नका, सरळ दवाखान्यात जा. आवाज जर स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा कर म्हणत असतील तरीही तेच. खाली टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा, १४४१६ हा फुकट नंबर लिहिलाय. २०२२ च्या ऑक्टोबरपासून तो दिवसरात्र चालू असतो.

आबांचं ते चित्र मी त्यांच्या मुलाला दिलं. आमच्याकडे ठेवलं नाही.

११ ऑगस्ट

आवाजांचं काय करायचं हे अडलेलं होतं. दिसणाऱ्याला जागा आणि आकार असतो. आवाजासाठी मी आधी दोन गोष्टी करून बघितल्या. जमिनीवर खडूनं माणूस आखून आवाज येतो त्या दिशेला गोटे ठेवायचे; आणि मोठा आवाज तितकी जाड रेघ. पहिलं दोघांना जमलं. दुसऱ्यात सगळे एकमेकांच्या रेघा बघून काढायला लागले.

वाट दाखवली ती विणकर मामांनी. वडगावात त्यांनी तीस वर्षं साड्यांचे माग चालवले. काठाची नक्षी ग्राफवर चौकटी भरून कशी उतरवतात ते त्यांच्या हाताला ठाऊक आहे. ते म्हणाले, "बाई, मला ग्राफ द्या." आडवी प्रत्येक ओळ म्हणजे पाव तास. सकाळी सहा ते रात्री दहा, म्हणजे ६४ ओळी. उभ्या दोन पट्ट्या : वडील आणि ती अनोळखी बाई. स्पष्ट ऐकू आलं तर चौकट पूर्ण भरायची, नुसती कुजबुज असेल तर तिरकी रेघ. नऊ दिवस त्यांनी हे केलं, एकही दिवस न चुकवता.

आज नऊ कागद एकाखाली एक चिकटवले आणि आम्ही चौघं त्यापुढे बसलो. वडिलांचा आवाज माग चालू असतानाच येतो, खट्याक-खट्याकवर चढून. "धागा तुटलाय. बघ तिकडं." माग थांबला की वडील गप्प. ती बाई मात्र मागाच्या आवाजात कधीच नसते. तिच्या भरलेल्या चौकटी कागदावर तुटक तुटक ठोकळ्यांनी येतात आणि मधे सगळं मोकळं. डॉक्टर त्या ठोकळ्यांकडे बघत होते. मामाच म्हणाले, "लाइट गेल्याव येते बाई." वीज जाण्याच्या वेळा विद्यार्थ्यानं पडताळल्या, नऊपैकी सात ठोकळे त्यात बसले.

बारा वर्षांच्या आजारपणात हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, मामांच्याही नाही. डॉक्टरांनी त्यांना विचारलं, काय करावंसं वाटतं? मामा म्हणाले, सेलवरचा रेडिओ घेतो. लाइट गेली की लावायचा. दुसरा आवाज चालू असला की काहींचे आवाज मागे हटतात, हे डॉक्टरांनाही माहीत होतं; पण कधी लावायचा ते ग्राफनं सांगितलं. गोळ्या आहेत तशाच चालू आहेत. त्यांत आम्ही तिघं कधीही तोंड घालत नाही, आणि तुम्हीही घालू नका.

वडिलांच्या आवाजाबद्दल मामांना विचारलं, तो नकोसा वाटतो का? म्हणाले, "न्हाय. ते कामाचंच बोलतात." डॉक्टरांनी चेन्नई, घानातलं अक्रा आणि कॅलिफोर्निया या तिन्ही ठिकाणी वीस-वीस जणांशी बोलून झालेल्या एका अभ्यासाचं सांगितलं. चेन्नईत निम्म्याहून अधिक लोकांना घरच्याच माणसांचे आवाज येत होते आणि ते आवाज घरकामं सांगत होते. अमेरिकेतल्यांना बहुतेक करून परके, हिंस्र आवाज येत. मामा लक्षपूर्वक ऐकत होते. म्हणाले, "परक्याचं बोलणं सोसत न्हाय माणसाला."

१५ सप्टेंबर

गणपतीत एका मंडळानं विचारलं, ही चित्रं मांडवात लावूया, लोकांना कळू दे. मला फार आनंद झाला. बारा शीटं निवडली, नावं काढली, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मांडव उघडल्यावर दुसऱ्याच दिवशी सगळी उतरवली.

झालं असं. एका ताईंची सही मी त्यांच्या दिरांकडून घेतली होती. ताई घरी नव्हत्या, दीर म्हणाले मी सांगतो, आणि मी ऐकलं. नाव काढलं होतं, पण शीटखाली त्यांच्या खोलीचा फोटो होता : निळं दार, दारावरची तोरणाची खिळी, खिडकीतला कुंडीचा कोपरा. शेजारणीनं ओळखलं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं आणि कुणीतरी ताईंच्या तोंडावर म्हणालं, "धारवाडला न्या हिला." धारवाडला नेणं म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात नेणं, आमच्या भागात हे सांगावं लागत नाही. घरात त्यांच्या मुलीच्या लग्नाचं बोलणं चालू आहे.

मी त्यांच्या घरी गेले. त्या दारात उभ्या राहिल्या, आत ये म्हणाल्या नाहीत. मी माफी मागितली, शीट आणि फोटो त्यांच्या हातात दिले, मोबाइलवरचे फोटो त्यांच्यासमोर पुसले. त्या म्हणाल्या, "बाई, मी तुम्हाला दाखवलं होतं. गल्लीला न्हाय."

उपचार घेणाऱ्या माणसाचा फोटो वा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देऊ नये असं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे. गल्लीतल्या मांडवाचं त्यात काही लिहिलेलं नसेल, पण ताईंच्या त्या एका वाक्यात सगळं आलं. आता असं करतो : सही ज्याची त्याचीच, घरच्यांची चालणार नाही. दाखवायचं असेल तर फोटो कधीच नाही. ट्रेसिंग पेपरवर फक्त आकृतीची रेघ उतरवायची, आणि ती उतरवलेली रेघ त्या माणसाला दाखवून पुन्हा विचारायचं. मूळ चित्र ज्याचं त्याच्याकडे.

ताई तीन रविवार आल्या नाहीत.

६ ऑक्टोबर

ताई आल्या. काही बोलल्या नाहीत, काकूंच्या शेजारी बसून माती मळली. मीही काही विचारलं नाही.

निपाणीहून येणाऱ्या दादांचं चित्र. कागदभर पसरलेला नाग, बारीक खवले, फणा कागदाबाहेर गेलेला. मी त्यांच्या बायकोला हळूच म्हणाले, फार भीती बसलीय त्यांच्या मनात. दादांनी ऐकलं. "भीती कसली? तो आला की बाकीचे गप्प बसतात. तो काही बोलत न्हाय. माझ्या अंगाभोवती वेटोळं घालून बसतो."

एकतीस वर्षं मी मुलांच्या चित्रांतले अर्थ सांगत आले, त्यामुळे तोंडातून आपोआप निघून गेलं. जर्मनीत हायडेलबर्गच्या दवाखान्यात हान्स प्रिन्झहॉर्न यांनी शंभर वर्षांपूर्वी रुग्णांची हजारो चित्रं जमवली. ती मला आजवर फक्त चित्रं म्हणून ठाऊक होती. ती काढणाऱ्यांना कुणी काय विचारलं असेल, हा विचार आज पहिल्यांदा आला. रंगावरून, आकारावरून अर्थ लावायचा नाही, असं आम्ही तिघांनी ठरवलंय. विचारायचे तीनच प्रश्न : हे कुठे असतं? हे आल्यावर तुम्ही काय करता? ह्यानं जावं की राहावं असं वाटतं? दादांनी तिसऱ्याला उत्तर दिलं, "आवाज गेले तर ह्यानं जायला हरकत न्हाय." डॉक्टरांनी हे जसंच्या तसं लिहून घेतलं.

२० ऑक्टोबर

एक गोष्ट राहून जाऊ नये. हे काम सगळ्यांना सोसत नाही. जूनमध्ये निघून गेलेला मुलगा सप्टेंबरात परत आला होता. दोन बैठका चांगल्या झाल्या, तिसऱ्या वेळी काढता काढता त्याचा हात थरथरायला लागला आणि त्या रात्री त्याला झोप लागली नाही. आईनं सोमवारी सकाळी फोन केला. सिस्टर त्याच दिवशी त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. आता तो येतो, पण काढत नाही. इतरांचे कागद कापून देतो, पेन भरतो, चहा आणतो. श्वास भरभर व्हायला लागला, हात थांबेनासा झाला की कागद उलटा करायचा आणि खाली अंगणात फिरून यायचं, हा नियम तेव्हापासून सगळ्यांना.

१७ नोव्हेंबर

सहा महिन्यांचा हिशेब. भाडं ३६००. कागद, खडू, कोळसा, पेनं २१४०. प्लास्टिक शीटं आणि फोटोंचे प्रिंट १८८०. बसभाडं १२५०, हे फक्त पुरुषांचं, बायकांना कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बस फुकट आहे आणि त्यामुळेच लांबच्या बायका येऊ शकल्या. चहा-खारी १७३०. एकूण १०,६०० रुपये. यातले न पुसणारी पेनं, वाया गेलेली शीटं आणि जलरंग मिळून साडेसहाशे मी टाळू शकले असते. कागद घाऊक घेऊ नका, दमट होतो.

सातातले पाच टिकले, मागाहून चार वाढले. यातून कुणी बरं झालं असं मी म्हणणार नाही. मामांचा रेडिओ चालू आहे. येळ्ळूरच्या बाई आता पलंग भिंतीला लावून झोपतात. काकूंचा पाट भाजून आलाय, तो त्यांनी चुलीमागे ठेवलाय. ताईंनी मातीचं काय केलं ते त्यांनी कुणाला दाखवलं नाही, घरी नेलं.

८ डिसेंबर

गेल्या महिन्यात आत्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्या डोळ्यानं तिला चांगलं दिसायला लागलंय आणि पंधरा दिवसांत पोरं आली नाहीत. काल तिनं ते जूनमधलं शीट मागितलं. उजेडात धरून बराच वेळ बघत राहिली.

"हे कुणाचं गं?"

"तुझं. भिंतीवरची पोरं."

"ही न्हवंत ती." तिनं एकेकीवर बोट ठेवलं. "हिचा फ्रॉक तांबडा न्हवता. डाळिंबी होता, आणि खाली बारीक जर. हिच्या केसांत रिबिनी होत्या दोन. आणि चेहरे कुठं काढलास तू? चेहरे होते की त्यांना."

मी म्हटलं, आत्या, तेव्हा तू हो म्हणालीस.

"मला कुठं दिसत होतं तू काय काढालीस ते? पोरं लख्ख दिसायची. तुझा कागद धुरकट होता. तू तांबडा म्हणालीस, मी हो म्हटलं."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी जूनमध्येच सांगितलं होतं की नजर अधू असलेल्या माणसाला भास मात्र बारकाव्यांसकट स्पष्ट दिसू शकतो. मी ते वहीत लिहूनही ठेवलं होतं. तरी मी आत्यापुढे तिला न दिसणारा रंग धरून तिच्याकडून हो म्हणवून घेत होते.

अधू नजरेच्या आणखी तिघांची शीटं अशीच झालीत. ती पुन्हा करायची. रंग सुचवायचा नाही, खडू दाखवायचा नाही. "कशासारखा?" एवढंच विचारायचं आणि त्यांच्या तोंडून जे येईल, डाळिंब, हळद, शेवाळ, ते शब्दांत शीटच्या कडेला लिहायचं. वडगावच्या मामांनी मागावरच्या रंगीत धाग्यांची लडी दिलीय, हातात धरून डोळ्यांजवळ नेता येते म्हणून.

आत्याला आज दुपारी जुन्याऐवजी नवं शीट दिलं. चेहऱ्यांपासून सुरुवात केलीय. तीन झाले.